पंचांचा हात

"अंगावर लोखंडाचं काही आहे का? चावी, नाणं, करदोट्यात ताईत?"

"लोकंड न्हाई. मा...ती हाय," तो माणूस म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. हसताना तोंडाची डावी बाजू जागची हलली नाही. शब्द जड होते, एकमेकांवर सांडत होते.

दारातून आत येताना त्याने दोनदा भिंत धरली होती. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघून नाक दाबलं होतं. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? सकाळचे साडेदहा वाजले होते आणि हा गडी सकाळीच टाकून आला होता.

त्याच्या बायकोने माझं तोंड बघून ते ओळखलं. "घ्या, वास घ्या तोंडाचा," ती म्हणाली. "समदेच घेत्यात. आमच्या जावयानंबी घेतला. आविष्यात सुपारी खाल्ली न्हाई ह्या माणसानं."

मी चांगलाच ओशाळलो. काहीतरी करायचं म्हणून हातातला कागद वाचला. हिंदुराव खोत, वय सत्तावन्न, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, बोलणं अडखळतं. नाव वाचून मी पुन्हा वर बघितलं.

"म्हणजे कुस्तीचं निवेदन करणारे खोत? अण्णा, तुम्ही?"

"हु...तो," ते म्हणाले.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मिरजेतल्या एका स्कॅन सेंटरवर एमआरआयचं मशीन चालवायचो. अजूनही तेच करतो. मी मूळचा इचलकरंजीचा, जातीने आणि धंद्याने कोष्टी. घरात चार माग होते. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे मोठ्याने बोलायचं, आणि दुसरी म्हणजे सतत बोलायचं. एमआरआयचं मशीनही मागासारखंच खडखडतं, त्यामुळे मला तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. पेशंट नळीत गेला की मी काचेच्या अलीकडे बसून माइकवरून त्याच्याशी गप्पा मारायचो. पाऊसपाणी, ऊसदर, लेकीचं लग्न, जे सुचेल ते. घाबरून अर्ध्यात बाहेर काढा म्हणणारी माणसं माझ्या पाळीला कमी असायची. सेंटरवर मला सगळे 'आकाशवाणी' म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आणि हे खोत अण्णा! लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून मी जत्रेतल्या मैदानांना जायचो. गर्दीत मला पैलवानांची डोकीही दिसायची नाहीत, पण कर्ण्यातून अण्णांचा आवाज यायचा आणि सगळी कुस्ती कळायची. कोण पट काढतोय, कोण खाली गेला, कुणाचा दम तुटत आलाय. त्या आवाजाचं हे काय होऊन बसलं होतं!

शिरेत सुई घालताना मी त्यांना बोलतं ठेवलं. बोलणं नीट येत नव्हतं, तरी त्यांना बोलायचं होतं. तोंड बंद ठेवणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मालनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, मधे मधे वाक्य पुरं करून द्यायच्या.

"यंदा गावच्या मैदानाला पंचविसावं वर्स ह्यांचं," त्या म्हणाल्या. "चैतात जत्रा आसती. पर कमिटीनं दुसरा मानूस बघितलाय. खोत पिऊन येतोय म्हंत्यात. तोंडावर म्हनत न्हाईत, म्हनून आमास्नी खरं काय ते सांगताबी येत न्हाई."

"चैत्राला अजून पाच महिने आहेत, वहिनी. तोवर अण्णा माइक घेऊन उभे राहतात बघा."

अण्णांनी मान हलवली. "पं...चांचा हात... वर गे...ल्याशिवाय... निकाल... न्हाई."

मला कळलं नाही. वहिनींनी सांगितलं. "त्येंचं ते बोलनंच हाय. कोन पडला ते निवेदकाला आधी दिसतंय, पर त्यानं बोलायचं न्हाई. पंचांचा हात वर गेला की मग पुकारायचं. तरनेपनी एकदा घाई केली हुती. हिकडं ह्यांनी चितपट म्हनून पुकारलं, तिकडं पंचांनी दिलंच न्हाई. दोन गावांची डोकी फुटली."

"मा...ज्या शब्दानं," अण्णा म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मी हसलो मात्र. कारण आमच्याही भिंतीवर तसाच नियम फ्रेम करून लावला होता: 'तपासणीबाबत तंत्रज्ञास विचारू नये. अहवाल डॉक्टर सांगतील.' मी अण्णांना ती पाटी दाखवली आणि म्हणालो, "म्हणजे आपण दोघंही निवेदकच की!" त्यांच्या हातात रबराचा फुगा दिला, काही वाटलं तर दाबा म्हणून सांगितलं, आणि त्यांना आत सरकवलं.

रंगाचं इंजेक्शन दिल्यावर पडद्यावर जे दिसलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मेंदू जिथे मानेकडे उतरतो त्या भागाला मी देठ म्हणतो. वांग्याला असतो तसा. त्या देठात पांढरे बारीक ठिपके पसरले होते, कुणी चिमूटभर खसखस भुरभुरावी तसे. मी माइकवर बोलत होतो, तो गप्प झालो. मग वरच्या मजल्यावरून डॉक्टर उपाध्ये मॅडमना बोलावलं. त्या मेंदूच्या डॉक्टर. अण्णा त्यांचेच पेशंट.

मॅडम बराच वेळ उभ्याने बघत राहिल्या. "मी हे फक्त पुस्तकात बघितलंय," त्या म्हणाल्या. "सूज आहे ही. लाखांत एखाद्याला होते. गाठ किंवा टीबी नाही ना, ते आधी बघावं लागेल. पण हे तेच असेल तर स्टेरॉइडला उतरेल."

"बरे होतील?"

"ठिपके जातील. पण कोष्टी, रोग जाणार नाही. गोळ्या चालू आहेत तोवर स्कॅन स्वच्छ दिसेल. गोळ्या घाईने सोडल्या की उलटतं ते, आणि उलटलं की आधीपेक्षा वाईट."

हे त्या मला म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

*

माघात अण्णा दुसऱ्या स्कॅनला आले, ते स्वतःच्या पायांनी. भिंत धरली नाही. तोंड गोळ्यांनी सुजून पुरीसारखं टम्म झालं होतं, आधी मी ओळखलंच नाही. पण त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर बसलेले सगळे पेशंट वळून बघायला लागले.

"मिरजेच्या या नामांकित आखाड्यात, काचेच्या पलीकडं बसलेले वस्ताद सदाभाऊ कोष्टी यांना आमचा रामराम!"

तोच आवाज. सात-आठ वर्षांच्या पोराने वडिलांच्या बोटाला धरून ऐकलेला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कमिटी आली हुती घरी," मालनवहिनी म्हणाल्या. "माफी मागून गेली. मैदान ह्यास्नीच दिलंय." मग त्यांनी आवाज खाली केला. "पर भाऊ, ह्या गोळ्यांनी घर बसलंय आमचं. साखर चढली. रातच्याला झोप न्हाई, घरभर फेऱ्या मारत्यात. नातीवर कदी आवाज चढवला नव्हता, परवा तिच्या आंगावर तांब्या भिरकावला. मग सोताच रडत बसले. गोळ्या देतानाच माझा हात कापतोय बगा."

मी अण्णांना आत घेतलं. त्या दिवशी माइकवरून मी नाही, तेच बोलत होते. नळीत पडल्या पडल्या त्यांनी मला कोल्हापूरची एक जुनी जंगी कुस्ती डावागणिक ऐकवली. मला दोनदा ओरडावं लागलं, "अण्णा, डोकं हलवू नका!"

पडद्यावर देठ आला. मी एक एक चित्र पुढे सरकवत गेलो, पुन्हा मागे आलो, रंग दिल्यानंतरची चित्रं पुन्हा बघितली. एक ठिपका नव्हता.

बाहेर आल्यावर वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय दिसलं?"

"रिपोर्ट उद्या संध्याकाळी. मॅडम पुण्याला गेल्यात, सोमवारी भेटतील."

"उंद्या?" त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे पुना यायचं? दोन येष्ट्या बदलून?"

अण्णा शर्टाची बटणं लावत होते. "सदाभाऊ," ते म्हणाले, "पंच पुण्याला गेलेत तर जाऊ द्यात. तुमी डोळ्यांनी बघितलंय न्हवं? ह्या बाईला एक शब्द सांगा. काल रातीपासनं पान्याचा घोट उतरला न्हाई तिच्या घशाखाली."

मी पाटीकडे पाठ करून उभा होतो. हे दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्याजवळ त्यांना द्यायला इतकी गोड बातमी होती, की ती तोंडात धरवेना. आयुष्यात मी कधी तोंडात काही धरलं नव्हतं.

"आरसा आहे, अण्णा, आरसा! एक डाग नाही. सगळं गेलं."

मालनवहिनींनी पदर तोंडाला लावला. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मग ह्या गोळ्या?"

"आता गोळ्यांचं काय काम? मॅडमसुद्धा बंदच करतील बघा."

एवढंच बोललो. गोळ्या थांबवा असं मी म्हणालो नाही, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगून बघितलं. वहिनींनी मशीनच्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. अण्णांनी मला मिठी मारली. "मैदानाला यायचं," म्हणाले. "न्हाई आलात तर कर्ण्यावरनं नाव पुकारून लाज काढीन."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्याच्याखाली मॅडमनी फोनवरून सांगितलेली ओळ टाइप केली होती: ठिपके दिसत नसले तरी औषध चालू ठेवणे, सोमवारी भेटणे. पाकीट काउंटरमागच्या फळीवर ठेवलं. सोमवारी ते तिथेच होतं. पुढच्या सोमवारीही होतं. मी येता-जाता बघायचो. फोन करावा असं एकदा मनात आलं, पण पेशंटची रांग होती आणि त्यांचा नंबर मॅडमच्या फायलीत होता. नेतील की, म्हटलं. जत्रेच्या दिवशी माझी ड्यूटी बदलून मिळाली नाही, म्हणून मैदानालाही गेलो नाही.

*

ज्येष्ठाच्या मध्याला त्यांना जीपमधून आणलं. मागची सीट काढून गादी टाकली होती. जावयाने आणि मी दोघांनी धरून स्ट्रेचरवर घेतलं. तोंडाची सूज गेली होती. सगळंच गेलं होतं, नुसती हाडं. पाणी पाजलं की नाकातून येत होतं. डोळे मात्र जागे होते, आणि ते मला ओळखत होते.

फुगा हातात दिला तर बोटं मिटेनात. मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही आत त्यांच्या पायाशी बसा. त्यांना काही झालं तर मला हात करा. पण अंगावरचं सगळं काढावं लागेल."

बांगड्या काचेच्या होत्या. जोडवी काढली. मग मंगळसूत्राशी त्यांचा हात थांबला. सोन्याला मशीन ओढत नाही, पण नियम म्हणजे नियम, आणि आता मी नियमाला घाबरत होतो. "एवढ्यापुरतं," मी म्हणालो. त्यांनी ते काढलं, ठेवायला जागा शोधली, आणि शेवटी माझ्या हातात दिलं. "धरा," म्हणाल्या.

ते मुठीत धरूनच मी खुर्चीत बसलो. माइकचं बटण दाबलं आणि सोडून दिलं. आतून खडखडाट येत राहिला. पडद्यावर देठ उजळला. खसखस आता देठात मावत नव्हती. वर चढली होती, खाली मानेत उतरली होती.

वहिनी बाहेर आल्या आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या. "काय दिसलं, भाऊ?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मागल्या बारीला तर तुमीच सांगितलं हुतं की," त्या म्हणाल्या.

मी मूठ उघडून मंगळसूत्र परत दिलं.

मॅडम खाली आल्या. तिन्ही वेळचे फोटो मी उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले, आणि फळीवरचं ते पाकीटही आणून ठेवलं. ते अजून चिकटवलेलंच होतं. मॅडमनी ते फोडलं, तारीख बघितली आणि स्ट्रेचरशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

"माघात," वहिनी म्हणाल्या.

"माघात! म्हणजे स्कॅन झाला तेव्हाच? रिपोर्ट न्यायला नाही, मला भेटायला नाही. मी तुम्हाला पहिल्या दिवशी बजावलं होतं की नाही, मला विचारल्याशिवाय अर्धीसुद्धा कमी करायची नाही? मग कुणी सांगितलं बंद करायला?"

मालनवहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता. काय सांगू, एवढंच त्या विचारत होत्या.

मी पेटीशी उभा होतो. एक फोटो सरळच होता, तो मी पुन्हा सरळ केला. घरी बायको होती, दोन लेकरं होती, आणि भिंतीवर ती पाटी होती. जन्मभर बडबडलो होतो मी, आणि आता 'मी' एवढं एक अक्षर बोलायचं होतं. ते माझ्याच्याने झालं नाही.

स्ट्रेचरवरून घशातून आवाज आला. अण्णांनी हात उचलला होता, वीतभर, कोपर गादीवर टेकवून. मॅडम वाकल्या.

"को...नी... न्हाई," अण्णा म्हणाले. प्रत्येक शब्दाला ते श्वास गोळा करत होते. "मी... मा...ज्या... मनानं."

"असं का केलंत हो?" मॅडमचा आवाज चिडका होता आणि रडवेलाही. "इतका चांगला उतार पडला होता. तुमच्या हट्टापायी तुम्ही हे..." अण्णांनी डोळे मिटून घेतले. वहिनी खाली बघत राहिल्या. मी त्या तिघांच्या मधे उभा होतो आणि तरीही गप्प होतो. आज तेरा वर्षांनी लिहितानाही माझी मान वर होत नाही.

जीपमध्ये घालताना वहिनींनी सीटखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"हे तुमचं ऱ्हायलं हुतं. चैतापास्नं ठेवलंय."

आत फेटा होता, भगवा, जरीच्या काठाचा, आणि एक नारळ. नारळ वाळून गुडगुड वाजत होता.

"मैदानात सत्काराला तुमचं नाव लावलं हुतं त्यांनी. मिरजेचे सदाभाऊ कोष्टी, म्हनून तीन बारी पुकारलं. सगळं मैदान वळून बघत हुतं, कुटनं येतोय मानूस म्हनून. मला म्हनले, येतील, ड्यूटीत आडकलं आसतील." त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा बांधून माझ्या हातात दिली. "त्या दिशी लई झ्याक आवाज लागला हुता बगा त्येंचा."

"वहिनी, तुम्ही मॅडमना सांगायला हवं होतं. मी..."

"सांगून काय हुतंय?" त्या म्हणाल्या. "त्येंनी निकाल दिला न्हवं?"

जीप गेली. मॅडमनी पुन्हा इंजेक्शनं सुरू केली, अडीच महिने झुंजल्या. पण पाणी छातीत जात होतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा गेले. मी मातीला गेलो नाही. मालनवहिनींना मी त्यानंतर भेटलेलो नाही.

तेव्हापासून मी मशीनवर बोलत नाही. पेशंटला लागेल तेवढंच सांगतो, श्वास धरा, सोडा, हलू नका. बाहेर नातेवाईक विचारतात, मी पाटीकडे बोट करतो. माणसं घाबरून अर्ध्यात बाहेर काढा म्हणतात, मी काढतो. 'आकाशवाणी' हे नाव आता कुणाला आठवतही नाही. शिकाऊ मुली मला मागे मुका सर म्हणतात, ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी उपाध्ये मॅडम निवृत्त झाल्या. छोटा समारंभ होता. भाषणात त्यांनी एकेकाचं नाव घेतलं आणि माझ्यापाशी आल्या. "आणि हे आमचे कोष्टी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी यांच्यासोबत काम केलं. पण पडद्यावर काय दिसलं याचा एक शब्द यांच्या तोंडून बाहेर गेला नाही. विश्वास ठेवावा तर अशा माणसावर."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "कोष्टी, दोन शब्द बोला!" मी उठून उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघू लागले. मॅडम हसत होत्या. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

मी "धन्यवाद" म्हणालो आणि खाली बसलो.